जिथं पऱ्हाट्या जळाल्या

सिल्लोड-कन्नडच्या पट्ट्यात कपाशी आणि मका आलटून-पालटून घेतात. कपाशीची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या उपटायच्या, वावरात जागोजागी ढीग घालायचे आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायचे, हा तिथला जुना शिरस्ता. राहिलेल्या बोंडांत गुलाबी अळी दडून बसते, त्यामुळे पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवू नका असा सल्लाही असतोच. पुढं नांगरट होते, पाळ्या होतात, तरी ढिगांच्या जागा पुसल्या जात नाहीत. पावसाळ्यात मका पेरला, दोन-तीन दिवसांत ॲट्राझीन हे तणनाशक मारलं, की बाकी रान स्वच्छ राहतं आणि त्या काळपट गोलांमध्ये मात्र माठ आणि घोळ तरारून येते.

मी तेव्हा मातीपरीक्षण प्रयोगशाळेत होते आणि नमुन्यांच्या निमित्तानं गावोगाव जाणं व्हायचं. हे गोल मला शेतकऱ्यांनीच दाखवले. कारणही त्यांच्याजवळ तयार असायचं. "राखेचा कस आहे ना मॅडम तिथं, म्हणून तण माजतं." राखेत पालाश असतो, तेव्हा यात तथ्य वाटत होतं. एका वयस्क काकांनी मात्र वेगळं सांगितलं. "कस असता तर तणाबरोबर मकाही तिथं उंच झाला असता. मका सगळीकडं सारखाच आहे. औषधच लागू झालं नाही तिथं." मी मक्याकडं पाहिलं. खरंच सारखा होता. त्यांच्या या बोलण्यानं माझ्या पुढच्या बऱ्याच वर्षांच्या कामाची दिशा ठरली.

त्यांच्याच वावरातल्या एका गोलातली वरची माती घेतली आणि दहा पावलांवरची साधी काळी माती घेतली. दोन्ही चाळून प्लॅस्टिकच्या ग्लासांत भरल्या. निम्म्या ग्लासांना ॲट्राझीनचं सारख्या मापाचं पाणी दिलं, निम्म्यांना नुसतं पाणी, आणि सगळ्यांत किराणा दुकानातली मोहरी पेरली. मोहरी ॲट्राझीनला फार नाजूक. हे औषध बी उगवू देतं. मग मुळांवाटे वर चढून पानातल्या प्रकाशसंश्लेषणाची साखळी तोडतं. म्हणून रोप आधी चांगलं हिरवं दिसतं, नंतर पानांच्या कडा पिवळ्या पडतात, करपतात आणि रोप मान टाकतं. साध्या मातीतली मोहरी अशीच गेली. गोलातली हिरवी राहिली. औषध न दिलेल्या ग्लासांत दोन्ही मातींतली रोपं सारखीच वाढली होती, म्हणजे कसाचा प्रश्न तिथंच निकाली निघाला. काकांचं म्हणणं बरोबर होतं. औषध त्या मातीतच होतं, पण मुळाच्या हाती लागत नव्हतं.

माती औषध किती धरते हे मोजायची पद्धत सोपी आहे, वेळखाऊ मात्र आहे. ठरावीक वजनाची माती नळीत घ्यायची, तिच्यावर औषधाचं ज्ञात तीव्रतेचं द्रावण ओतायचं. साध्या पाण्याऐवजी कॅल्शियम क्लोराइडचं अगदी सौम्य द्रावण वापरतात, म्हणजे मातीचे कण विखुरत नाहीत. रात्रभर हलवायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं आणि वरच्या निवळीत औषध किती उरलं ते एचपीएलसी यंत्रावर बघायचं. जे उरलं नाही ते मातीनं धरलं. मातीनं धरलेलं आणि पाण्यात राहिलेलं, यांचं प्रमाण म्हणजे त्या मातीची त्या औषधापुरती पकड. शास्त्रात याला अधिशोषण म्हणतात. पकडीच्या आकड्याला मातीतल्या सेंद्रिय कर्बानं भागलं तर वेगवेगळ्या मातींचे आकडे बरेच जवळ येतात. ॲट्राझीनसाठी हा भागाकार साधारण १०० लिटर प्रति किलो धरतात.

याचा वावरात अर्थ काय, ते हिशेबानं नीट कळतं. आपल्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का धरला तर पकड येते ०.५. वापशावर किलोभर मातीत पाव लिटर पाणी असेल, तर दोन तृतीयांश ॲट्राझीन मातीला चिकटलेलं असतं आणि एक तृतीयांश पाण्यात मोकळं. तण मरतं ते या मोकळ्या हिश्शानं, आणि विहिरीकडं जातो तोही हाच हिस्सा. वर्षानुवर्षं शेणखत घालून कर्ब एक टक्क्यावर नेला, तर मोकळा हिस्सा एक पंचमांशावर येतो. तण मारायला तो सहसा पुरतो आणि खाली निचरून जाणारं कमी होतं. शेणखताची ही बाजू शेतकऱ्याला कुणी सांगत नाही. मी सांगते, आवर्जून सांगते.

पेंडिमेथॅलिन या तणनाशकाचा हिशेब वेगळा. एक लिटर पाण्यात ॲट्राझीन ३३ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतं, पेंडिमेथॅलिन जेमतेम ०.३ मिलिग्रॅम. त्याचा भागाकार १० हजारांच्या वर जातो, म्हणून जवळजवळ सगळंच मातीला चिकटून वरच्या थरात राहतं. मेट्रिब्युझीन उलट्या टोकाला. ते पाण्यात सहज विरघळतं आणि जोराचा पाऊस झाला की खाली उतरतं. ग्लायफोसेटला तर हा सेंद्रिय कर्बाचा हिशेब लागूच पडत नाही. त्याला धरतात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, म्हणजे कोकणातली जांभ्याची लाल माती त्याला घट्ट आवळते. "तणनाशक मातीत किती राहतं?" असं कुणी विचारलं की मी आधी डबा बघायला मागते.

काळी माती इतकी चिकण, तिचे कण इतके बारीक, मग तीच ॲट्राझीनला का आवळत नाही, हा प्रश्न मला बराच काळ पडलेला होता. आपल्या मातीतल्या स्मेक्टाइट खनिजाच्या एका ग्रॅमचं आतलं-बाहेरचं मिळून क्षेत्रफळ शेकडो चौरस मीटर भरतं. पण खनिजाच्या पृष्ठभागावर पाण्याचे रेणू आधीच जागा धरून असतात आणि ॲट्राझीनसारख्या विद्युतभार नसलेल्या रेणूला ते सहज हटत नाहीत. ओल्या मातीत अशा रेणूला थारा मिळतो तो मुख्यतः सेंद्रिय पदार्थात. शेणखत, पालापाचोळा कुजून जो मऊ, काळसर पदार्थ बनतो, त्यात औषध विरघळून राहतं. बाहेर पाण्यातलं कमी झालं की तिथून पुन्हा सुटतं.

त्या गोलांत उरलेल्या कोळशाचं काम निराळ्या तऱ्हेनं चालतं. लाकूड कमी हवेत तापलं की त्यातला कर्ब वलयांच्या थरांत बांधला जातो आणि आत सूक्ष्म छिद्रं तयार होतात. ॲट्राझीनचे आणि डाययुरॉन या दुसऱ्या तणनाशकाचे चपटे रेणू या थरांवर घट्ट बसतात आणि छिद्रांत अडकतात. इथं विरघळणं नाही, पृष्ठभागावर बसणं आहे. म्हणून औषध जितकं विरळ तितकी कोळशाची ओढ जास्त, आणि औषध वाढलं की जागा भरत जातात. शेतातली मात्रा विरळच असते. त्यामुळं कोळसा आपली सगळी ताकद नेमकी शेतात दाखवतो. अमेरिकेतल्या यांग आणि शेंग या शास्त्रज्ञांनी २००३ साली गव्हाचं आणि भाताचं काड जाळून उरलेल्या कोळसामिश्रित राखेची डाययुरॉनवरची पकड मोजली. ती मातीच्या ४०० ते २,५०० पट निघाली. हा आकडा वाचला तेव्हा मला सिल्लोडचे ते गोल आठवले. मूठभर कोळसा मिसळलेली जागा सगळ्या रानाहून वेगळी का वागते, ते त्यात होतं.

आणखी एक फरक मी माझ्या नळ्यांत पुन्हा पुन्हा पाहिला. शेणखताच्या मातीवरची निवळी काढून स्वच्छ द्रावण घातलं की धरलेल्या औषधातला बराच भाग परत पाण्यात येतो. कोळशाच्या मातीत तसंच केलं, तर परत येणारं अगदी थोडं असतं.

आता मातीच्या कार्डाविषयी बोललं पाहिजे, कारण मी ती कार्डं भरली आहेत. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली आली. पत्रिकेत सेंद्रिय कर्बाचा एक आकडा असतो. तो बहुतेक ठिकाणी वॉकली आणि ब्लॅक यांच्या १९३४ सालच्या पद्धतीनं काढतात: मातीवर पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल घालायचं, अर्धा तास थांबायचं, उरलेलं डायक्रोमेट अनुमापनानं मोजायचं. शेवटी जांभळट निळा रंग एकदम हिरवा होतो. हजारो नमुन्यांत मी तो रंग बदलताना पाहिला आहे आणि या पद्धतीबद्दल मला आदर आहे, कारण ती स्वस्त आहे आणि तालुक्याच्या ठिकाणीही होते. पण त्या अर्ध्या तासात मऊ सेंद्रिय पदार्थ जळतो आणि कोळशाचा कर्ब बराचसा तसाच राहतो. काकांच्या वावरातल्या गोलाचा आणि बाहेरच्या मातीचा कर्ब कार्डावर जवळपास सारखाच आला होता. एकीकडं मोहरी मेली होती आणि दुसरीकडं हिरवीगार उभी होती, तरी आकडा एकच. तणनाशकाचा विचार करायचा तर कार्डावरच्या आकड्याबरोबर या रानात काय जळलं, कुठं जळलं आणि किती वर्षं जळत आलं, हे विचारायला हवं. कोकणात आणि मावळात राब भाजण्याच्या जागा पिढ्यान् पिढ्या त्याच असतात. शेण, पाला, फांद्या आणि वर माती घालून दर उन्हाळ्यात तिथं आग लागते. त्या वाफ्यातली माती आणि पलीकडच्या खाचरातली माती तणनाशकाच्या बाबतीत एक समजू नये.

पुढं मी पऱ्हाट्यांपासून बायोचार, म्हणजे जमिनीत घालायचा कोळसा, करण्याच्या एका कामात सामील झाले. कल्पना चांगली होती आणि आजही मला ती चांगलीच वाटते. पऱ्हाट्या उघड्यावर जाळून धूर करण्यापेक्षा खड्ड्यात थरावर थर टाकत जाळायच्या, वरच्या ज्वाळेनं खालच्या थराला हवा मिळू द्यायची नाही, आणि शेवटी पाणी मारून विझवायच्या. वाळलेल्या वजनाचा पाव हिस्सा बायोचार मिळाला तरी काम नीट झालं म्हणायचं. बायोचार चांगला झाला की नाही ते हाताला कळतं. नीट तापलेला तुकडा कोरडा, ठिसूळ असतो आणि हलवला की खणखण वाजतो. कमी तापलेला तपकिरी राहतो, बोटांना तेलकट लागतो, डांबराचा वास मारतो. तीन-चारशे अंशांवरच्या अशा अर्धवट मालात छिद्रं कमी असतात. पाचशेच्या वर गेलं की छिद्रं उघडतात, क्षेत्रफळ वाढतं आणि औषधावरची पकडही वाढते.

शेतकऱ्यांना मिळणारा सल्ला असा असायचा की एकरी दोन टन बायोचार पसरा. पंधरा सेंटिमीटर खोलीची एकरभर माती नऊ लाख किलोच्या आसपास भरते. दोन टन त्यात नीट मिसळले, तर प्रमाण येतं ०.२ टक्के. पण विस्कटून वर एक हलकी पाळी दिली आणि सगळं वरच्या दोन सेंटिमीटरमध्येच राहिलं, तर प्रमाण साडेसात पट होतं, म्हणजे दीड टक्क्याच्या वर. आणि उगवणीपूर्वीच्या तणनाशकाचं काम चालतं ते याच वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये. तणाचं बारीक बी तिथंच असतं. बायोचार वर पसरलेल्या पट्ट्यांत ॲट्राझीन मारूनही तण उठलं आणि बायकांना दोनदा खुरपावं लागलं. मजुरीचा तो खर्च कुठल्याच अहवालात आला नाही, आणि जून-जुलैच्या चिखलात वाकून केलेले ते कष्टही आले नाहीत. मला ही गोष्ट आजही टोचते. जमिनीत कर्ब साठवायचा हा विचार मोठा आहे, पण त्याचा भार खुरपं हातात असलेल्या बाईवर पडू नये.

याहून वाईट एक गोष्ट होते. तण मेलं नाही की शेतकरी मात्रा वाढवतो. मक्यात ॲट्राझीन ५० टक्के पावडर एकरी ४०० ते ८०० ग्रॅम अशी शिफारस आहे. बायोचारच्या पट्ट्यासाठी पंपाचं माप वाढवलं की तेच वाढीव माप बायोचार नसलेल्या रानातही पडतं, आणि तिथलं मोकळं औषध पावसाबरोबर खाली जातं. काळ्या मातीत तर पकडीचा हिशेबही बाजूला राहतो. उन्हाळ्यात पडलेल्या भेगा पहिल्या जोरदार पावसात मिटलेल्या नसतात, पाणी त्यांतून सरळ खाली पळतं आणि मातीला औषध धरायला वेळच मिळत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ॲट्राझीन लिटरमागे २ मायक्रोग्रॅमच्या पुढं चालत नाही. युरोपात कुठल्याही एका कीडनाशकासाठी मर्यादा ०.१ मायक्रोग्रॅम आहे. मे २०२० मध्ये आपल्याकडं २७ औषधांवर बंदीचा मसुदा निघाला, त्यात ॲट्राझीनचं आणि पेंडिमेथॅलिनचंही नाव होतं. दोन्ही आजही दुकानात मिळतात. ज्या विहिरीचं पाणी घरात पितात तिच्या वरच्या अंगाला मका असेल, तर मला त्या घराची काळजी वाटते.

बायोचार औषध धरून ठेवतो, मग ते विहिरीत जात नाही, म्हणजे चांगलंच झालं, असं मला सुरुवातीला अनेकांनी ऐकवलं. यातला अर्धा भाग मला पटतो. पण जे मुळाला मिळत नाही ते जिवाणूलाही मिळत नाही. मातीत ॲट्राझीन खाऊन जगणारे जिवाणू असतात. औषध छिद्रांत बसलं की त्यांचं खाणंही थांबतं. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या मातीत लाकडाच्या भुशाचा बायोचार ५ टक्के मिसळून स्पोकस आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं होतं. २००९ साली त्यांनी लिहिलं की ॲट्राझीनवरची पकड वाढली आणि ते नाहीसं होण्याचा वेग मंदावला. म्हणजे बायोचारच्या रानात ॲट्राझीन जास्त काळ मुक्काम करतं. हा साठा कायम तसाच राहील याचीही हमी नाही. काही वर्षांत कोळशाचा पृष्ठभाग हवेनं आणि पाण्यानं बदलतो, छिद्रांच्या तोंडावर मातीतला सेंद्रिय पदार्थ बसतो. ऑस्ट्रेलियाच्या लाल मातीत मुरलेल्या बायोचारची ॲट्राझीन आणि डाययुरॉनवरची पकड ताज्यापेक्षा बरीच कमी झालेली आढळली.

या बदलाचाच उपयोग करून घेता येतो. बायोचार ताजा टाकण्याऐवजी शेणखताच्या खड्ड्यात मुरवला, की छिद्रांवर आधीच शेणखताचा लेप बसतो. नत्र धरून ठेवण्यासाठी हा सल्ला पूर्वीपासून देतात. माझ्या नळ्यांत अशा मुरवलेल्या बायोचारची ॲट्राझीनवरची पकड ताज्यापेक्षा सौम्य आली. दुसरा उपाय जागेचा. तो मी अमेरिकेतल्या ऑरेगॉनच्या गवत-बियाणे उत्पादकांचं वाचून उलटा वापरला. तिथं बियाण्याच्या ओळीवर सक्रिय कोळशाची पट्टी मारतात आणि वरून सगळ्या रानावर डाययुरॉन फवारतात. कोळशाखालचं बी वाचतं, मधल्या पट्ट्यांतलं तण मरतं. त्यांना कोळसा वर हवा असतो. आपल्याला तो खाली हवा आहे, सरीत, मुळांच्या वाटेवर, आणि वरची चार बोटं माती त्याच्यापासून मोकळी.

ज्यांनी मला ते गोल दाखवले, त्या काकांच्या रानात आता असंच करतात. पऱ्हाट्या खड्ड्यात जाळतात, बायोचार शेणखतात मुरवतात आणि उन्हाळ्यात सरी पाडून तिच्या तळाशी घालतात. ताजा, न मुरवलेला बायोचार एकाच जागी पडतो: विहिरीच्या वरच्या अंगाला, उताराला आडवा असा एक रुंद पट्टा त्यांनी सोडला आहे, तिथं. तिथं हत्तीगवत लावलंय आणि तणनाशकाचा पंप तिकडं जात नाही. वरच्या रानातून वाहून आलेलं औषध तिथं अडावं, हा हेतू. मोहरीचे ग्लास त्यांची सून लावते. पेरणीआधी एकदा आणि मका निघाला की दिवाळीच्या सुमाराला पुन्हा, रानाच्या प्रत्येक तुकड्यातली वरची माती घेऊन. मक्यानंतर त्यांना हरभरा करायचा असतो आणि हरभऱ्याला उरलेलं ॲट्राझीन सोसत नाही. ज्या तुकड्याच्या ग्लासात मोहरीच्या कडा करपतात, तिथं त्या वर्षी रब्बी ज्वारी पेरायची, असं त्यांच्या घरात ठरलं आहे. ज्वारीला ते सोसतं.